'कुली' बघू का? रजनीकांतच्या चित्रपटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रजनीकांतचा 'कुली' १४ ऑगस्ट २०२५ रोजी लागला आणि दुपारच्या जेवणापर्यंत एकाच घरातल्या दोन माणसांचं त्याच्याबद्दल एकमत होईना. 'बघू का?' या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून मी दोन्ही बाजूंचं भरपूर ऐकून घेतलं आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. रहस्य फुटेल तिथे आधी सांगेन.

गोष्ट काय आहे, थोडक्यात?

देवा नावाचा माणूस चेन्नईत 'मॅन्शन' चालवतो. तिकडे मॅन्शन म्हणजे हवेली नव्हे. नोकरीधंद्यासाठी शहरात आलेल्या एकट्या पुरुषांना खोल्या देणारी जुनी इमारत, ट्रिप्लिकेन भागात अशा कितीतरी आहेत. देवाचा जुना मित्र राजशेखर मरतो. मरण साधं नाही, खून आहे, हे देवाला कळतं आणि माग काढत तो विशाखापट्टणमच्या बंदरात पोचतो. तिथे सायमन नावाच्या माणसाचं तस्करीचं राज्य आहे आणि दयाल हा त्याचा उजवा हात. राजशेखरने प्रेताची क्षणात राख करणारी एक खुर्ची बनवलेली असते. ती या टोळीच्या कामाची ठरते.

देवा रजनीकांत, राजशेखर सत्यराज, त्याची मुलगी प्रीती श्रुती हासन, सायमन नागार्जुन, दयाल सौबिन शाहिर. दिग्दर्शक लोकेश कनगराज, संगीत अनिरुद्ध, निर्मिती सन पिक्चर्सची.

एवढी हवा कशामुळे झाली होती?

बेरीज फार सोपी होती. लोकेशने २०१९ मध्ये 'कैदी' केला: एक रात्र, एक ट्रक, नायिका नाही, गाणी नाहीत. तमिळ प्रेक्षकाने तो उचलून धरला. २०२२ मध्ये त्याने कमल हासनला घेऊन 'विक्रम' केला आणि कमलची कारकीर्द पुन्हा उभी राहिली. लोकेश आधी बँकेत नोकरी करायचा आणि कमलचा भक्त म्हणूनच तो मोठा झाला. भक्ताने देवाला जे दिलं ते तो दुसऱ्या देवालाही देईल, असं सगळ्यांनी मनात धरलं. रजनीच्या बाजूनेही काळ बरा होता, २०२३ चा 'जेलर' तुफान चालला होता.

त्यावर कलाकारांची यादी. तेलुगूतून नागार्जुन, तोही खलनायक म्हणून. कन्नडमधून उपेंद्र, मल्याळममधून सौबिन, हिंदीतून आमिर खान. सत्यराज आणि रजनी १९८६ च्या 'मिस्टर भारत'नंतर पहिल्यांदाच एकत्र येत होते. त्या चित्रपटात सत्यराजने रजनीच्या बापाचं काम केलं होतं, वयाने लहान असून. यादी वाचून वाटावं की पात्रं कथेने मागितलेली नाहीत, वितरकाने नकाशावर बोट ठेवून निवडली आहेत. पण ही अक्कल नंतरची. तेव्हा मीही यादी वाचून खूशच झालो होतो.

मात्र हवेचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे जे दाखवलं नाही ते. नावाची चित्रफीत, म्हणजे टायटल टीझर, २२ एप्रिल २०२४ ला आली आणि ट्रेलर आला थेट २ ऑगस्ट २०२५ ला, प्रदर्शनाच्या बारा दिवस आधी. मधल्या पंधरा महिन्यांत पोस्टर, गाणी, एखादी झलक. कथेबद्दल अक्षर नाही. एवढी मोकळी जागा मिळाली की लोक स्वतःच चित्रपट लिहायला बसतात. पोस्टरवर घड्याळं दिसली म्हणून हा कालप्रवासाचा चित्रपट आहे, असं कित्येकांनी ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात घड्याळं होती तस्करीचा माल.

पन्नास वर्षांचं काय प्रकरण?

रजनीचा पहिला चित्रपट, के. बालचंदर यांचा 'अपूर्व रागंगळ', १५ ऑगस्ट १९७५ ला लागला होता. म्हणजे 'कुली' आला तेव्हा पन्नास वर्षांना एक दिवस कमी होता. त्या चित्रपटात रजनी फाटक ढकलून आत येतो. तमिळ माणूस ते फाटक उघडण्याबद्दल अजून असं बोलतो, जसं आपल्याकडे लोक पहिल्या पावसाबद्दल बोलतात. त्या चित्रपटाचा नायक होता कमल हासन. पन्नास वर्षांनी 'कुली'त कमलची मुलगी आहे.

त्यामुळे १४ ऑगस्टला थिएटरात गेलेल्या बऱ्याच लोकांसाठी तो गुन्हेपट नव्हताच, घरचं कार्य होतं. कार्यात जेवण कसं होतं हे विचारायचं असतं, पण खरं उत्तर द्यायचं नसतं.

१४२१ हा आकडा सगळीकडे का दिसतो?

तो देवाच्या हमालीच्या बिल्ल्याचा क्रमांक. लोकेशचे वडील बस कंडक्टर होते आणि हा त्यांचा क्रमांक. रजनी स्वतः बंगळूरला बस कंडक्टर होता, त्यामुळे ही गोष्ट त्याला भिडली यात नवल नाही. (आणि रजनीला ॲक्शन हिरो म्हणून पक्कं करणाऱ्या १९८० च्या चित्रपटाचं नाव 'बिल्ला'. तिथे ते माणसाचं नाव होतं. मराठीत हा श्लेष फुकटात मिळतो.)

रजनीकांतने खरंच हमाली केली होती?

हो. २ ऑगस्टला चेन्नईच्या नेहरू स्टेडियममधल्या कार्यक्रमात त्याने स्वतः सांगितलं. एका माणसाचं सामान टेम्पोत चढवलं, त्याने दोन रुपये दिले. आवाज ओळखीचा वाटला. तो कॉलेजातला सोबती निघाला, ज्याची रजनी तेव्हा टिंगल करायचा. केवढा माज होता रे तुला, अशा अर्थाचं तो बोलला आणि रजनीला रडू कोसळलं.

चित्रपटाच्या पावणेतीन तासांत या दोन रुपयांच्या तोडीचा एकही प्रसंग नाही. माझी मुख्य तक्रार इथेच संपते, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

रजनीकांत मराठी आहे म्हणतात. कितपत?

जन्मनाव शिवाजीराव गायकवाड, जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगळूरचा. वडील रामोजीराव पोलीस खात्यात होते. घरची भाषा मराठी. मूळ गाव म्हणून पुरंदर तालुक्यातल्या मावडी कडेपठारचं नाव घेतलं जातं, जेजुरीजवळचं. तमिळ तो नंतर शिकला, बालचंदर यांच्या सांगण्यावरून. नावही त्यांनीच बदललं, कारण तमिळ पडद्यावर शिवाजी गणेशन आधीच होते.

'आपला माणूस' म्हणून आपण टाळ्या वाजवतो ते ठीक आहे. पण त्याला घडवलं बंगळूरच्या बसने आणि मद्रासच्या प्रेक्षकाने. २०२१ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना त्याने ज्यांचे आभार मानले त्यांत बालचंदर होते, थोरला भाऊ सत्यनारायणराव होता आणि त्याच्या बसचा ड्रायव्हर राजबहादूर होता. आपल्या वाट्याला आडनाव आलं.

तमिळनाडूत पहिला खेळ नऊला आणि शेजारच्या राज्यांत सहाला, असं का?

जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईतल्या एका थिएटरबाहेर पहाटेच्या खेळाच्या जल्लोषात चालत्या लॉरीवरून पडून एका चाहत्याचा जीव गेला. त्यानंतर तमिळनाडू सरकारने पहाटेच्या खेळांना परवानगी देणं बंद केलं. केरळ-कर्नाटकात तशी आडकाठी नाही. गंमत अशी की चेन्नईतला चाहता बाल्कनीत दूध पिशवीची वाट बघत असताना केरळातला माणूस मध्यंतराला पोचलेला असतो आणि त्याचा निकाल चेन्नईच्या फोनवर आलेला असतो. मतं फाटण्याची सुरुवात इथून झाली. पहिला अभिप्राय ज्यांच्यासाठी चित्रपट होता त्यांचा नव्हता.

मुंबईत पूर्वी माटुंग्याच्या अरोरा टॉकीजबाहेर रजनीच्या चित्रपटाला पहाटेच ढोल वाजायचे, कटआउटवर दूध ओतलं जायचं. धारावी, सायन-कोळीवाडा, चेंबूर इथून माणसं यायची. आता ती गर्दी मल्टिप्लेक्समध्ये विखुरली. सुरक्षारक्षक नारळ आत नेऊ देत नाही.

मग लोक नेमके कशावरून भांडले?

वरवर पाहिलं तर भांडण 'पैसा वसूल' विरुद्ध 'डोकं दुखलं' असं दिसतं. मला ते तसं वाटत नाही. एकाच तिकिटावर दोन वेगवेगळे चित्रपट विकले गेले होते. एकाला रजनीचा चित्रपट हवा होता: तो येणार, चालणार, सिगारेट फेकणार, आपण शिट्टी मारणार, कथा असली तर उत्तम. दुसऱ्याला लोकेशचा चित्रपट हवा होता: अंधार, घट्ट गाठी, एकमेकांत अडकलेली माणसं आणि शेवटी सगळे धागे एकत्र. 'कुली' दोघांनाही अर्धाअर्धा देतो.

लोकेशच्या प्रेक्षकाची तक्रार खुर्चीपासून सुरू होते. प्रेत क्षणात राख करणारं यंत्र मान्य करायला हरकत नाही, पुराणात याहून मोठं मान्य करतोच आपण. पण ते यंत्र गोष्टीचा कणा करायचं असेल तर सायमनला त्याची एवढी गरज का, बंदराचा एवढा राजा असून प्रेतांची सोय त्याला आधी कशी लावता येत नव्हती, हे कुठेतरी पटायला हवं. तिथे संवाद घाईने पुढे सरकतात. प्रीती हुशार म्हणून ओळख करून दिली जाते आणि नंतर तिचं काम एकच उरतं, संकटात सापडायचं. नागार्जुन आला की दिमाखदार वाटतो, पण शेवटाकडे त्याला करायला काही शिल्लक राहत नाही. उपेंद्र दोन मारामाऱ्यांपुरता.

रजनीच्या प्रेक्षकाची तक्रार वेगळीच, आणि ती कमी ऐकली गेली. त्याचं म्हणणं, आमचा माणूस मध्ये उभा आहे पण बाकीच्यांना जागा देता देता तो आपल्याच चित्रपटात पाहुणा झाला. तरुण देवाचा भूतकाळ, जिथे संगणकाने रजनीच्या चेहऱ्यावरची चाळीस वर्षं पुसली आहेत, तो सुरू होताच थिएटर उठून उभं राहतं. आणि खाली बसेपर्यंत तो संपतो! गोदीतल्या हमालांची संघटना, मालकाविरुद्धचा लढा, 'कुली' या नावाला अर्थ देणारं सगळं या काही मिनिटांत कोंबलं आहे. तमिळमध्ये 'कूलि' म्हणजे मजुरी. मजुरीवर चित्रपट हवा होता, मिळाला घड्याळांवर.

म्हणजे चांगलं काहीच नाही?

असं कोण म्हणालं? सौबिनचा दयाल हा या चित्रपटाचा खरा खलनायक. बुटका, टकला, अंगाने साधा माणूस, पण तो खोलीत आला की इतरांचे खांदे आखडतात. आणि हाच माणूस 'मोनिका' गाण्यात पूजा हेगडेच्या शेजारी असा नाचतो की लोक पूजाला विसरले. रचिता रामची कल्याणी मध्यंतरानंतर जो रंग बदलते तो मला तरी आधी कळला नव्हता. अनिरुद्धचं पार्श्वसंगीत अनेक ठिकाणी पटकथेचं काम करतं. मॅन्शनमधली मारामारी झकास आहे.

आणि रजनी. प्रदर्शनावेळी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, २०२४ च्या सप्टेंबरअखेर हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीच्या सुजेवर उपचार घेऊन आलेला, पुन्हा सेटवर उभा राहिलेला. राजशेखरच्या प्रेतासमोर तो काही न बोलता उभा राहतो, तेवढ्यासाठी मी पुन्हा तिकीट काढेन. मारामारीसाठी काढणार नाही.

हा लोकेशच्या 'युनिव्हर्स'मध्ये येतो का?

नाही. हे युनिव्हर्स म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या चित्रपटांची त्याची मालिका. 'कैदी', 'विक्रम', 'लिओ' त्यात येतात. 'कुली' स्वतंत्र आहे आणि लोकेशने हे आधीपासून सांगितलं होतं. ऐकलं कोणी नाही.

आमिर खानचं काय झालं? (इथे शेवट फुटतो.)

शेवटी दाहा नावाचा बडा माफिया हेलिकॉप्टरने उतरतो, तो आमिर. बनियन, अंगभर गोंदण, तोंडात बिडी. काही मिनिटं बोलतो आणि जातो. आमिरने सांगितलं होतं की रजनीचा चाहता म्हणून पटकथा न ऐकताच होकार दिला. ते खरं असावं असं काम बघून वाटतं. दोघे यापूर्वी १९९५ च्या 'आतंक ही आतंक'मध्ये होते, म्हणजे तीस वर्षांनी एकत्र आले आणि कथेला त्याची गरज नव्हती.

पुढे 'ही भूमिका माझी चूक होती' असं आमिर म्हणाल्याचं एक कात्रण व्हॉट्सॲपवर फिरलं. ते बनावट होतं. अशी मुलाखत झालीच नाही, असं त्याच्या बाजूने स्पष्ट करण्यात आलं. तरी दर दोन महिन्यांनी कोणीतरी ते मला पाठवतंच.

'ए' प्रमाणपत्र का मिळालं? त्याचा फटका बसला का?

मारहाण आणि रक्त यामुळे. रजनीच्या चित्रपटाला 'ए' मिळण्याची ही १९८९ च्या 'शिवा'नंतरची पहिली वेळ असल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. याचा अर्थ अठरा वर्षांखालच्यांना थिएटरात प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरी. पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं दारातून परत गेली. तमिळ घरांत रजनीचा चित्रपट म्हणजे आजीपासून नातवापर्यंत एकाच रांगेत बसणं. ती रांगच मोडली.

निर्मात्यांकडून मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली गेली: याहून हिंसक चित्रपटांना 'यूए' मिळालं, मग आम्हालाच का नाही? सेन्सॉर मंडळाचं म्हणणं, काटछाट केली असती तर मिळालं असतं, तुम्हीच 'ए' घेतलंत. ऑगस्टअखेर याचिका फेटाळली गेली. प्रदर्शनाला दोन आठवडे उलटून गेल्यावर हे सगळं का केलं, ते त्यांनाच ठाऊक. थोडी कात्री आधीच लावली असती तर बऱ्याच आज्या खूश झाल्या असत्या.

चालला की पडला?

सन पिक्चर्सने पहिल्या दिवसाचा जगभरचा गल्ला १५१ कोटी जाहीर केला, तमिळ चित्रपटांतला तोवरचा सर्वाधिक. चार दिवसांत ४०४ कोटी. एकूण गल्ला व्यापारी अंदाजांनुसार ५०० कोटींच्या थोडा पुढे थांबला.

आता हेच आकडे नीट वाचा. एकूण कमाईतला मोठा हिस्सा पहिल्या चार दिवसांतच आला. पुढचे सगळे आठवडे मिळून उरलेलं. हवा तिकीट विकते, पहिल्या गुरुवारपासून रविवारपर्यंत. सोमवारी शेजारच्या माणसाने काय सांगितलं त्यावर चित्रपट चालतो. शिवाय जाहीर होतो तो ढोबळ गल्ला. त्यातून कर जातो, थिएटरचा वाटा जातो, उरलेलं वितरकाकडून निर्मात्याकडे येतं. पाचशे कोटी म्हणजे कोणाच्या खिशात पाचशे कोटी गेले असं नव्हे. तमिळमधला पहिला हजार कोटींचा चित्रपट, अशी जी आधी चर्चा होती तिथे मात्र तो पोचला नाही. त्या चर्चेमुळे पाचशे कोटीही नापास वाटू लागले.

त्याच दिवशी 'वॉर २' लागला होता. उत्तरेत पडदे वाटले गेले. दोघांनाही थोडं थोडं लागलं.

इळैयराजांनी नोटीस का पाठवली होती?

नावाच्या चित्रफितीत १९८३ च्या 'थंग मगन'मधल्या त्यांच्या 'वा वा पक्कम वा'चा वापर झाला होता, विनापरवानगी असं त्यांचं म्हणणं. रजनीने हात वर केले: हे निर्माते आणि संगीतकारांमधलं आहे.

लोकेशवर टीका झाली ती रास्त आहे का?

नंतर तो साधारण असं बोलला की प्रेक्षकांच्या अपेक्षांना दोष देता येत नाही, पण त्या अपेक्षांप्रमाणे कथा लिहिणंही मला जमणार नाही. पहिलं वाक्य मला आवडलं. दुसऱ्यावर वाद घालता येईल. अपेक्षा आभाळातून पडत नाहीत. पंधरा महिने कथा झाकून ठेवायची, दर महिन्याला एका राज्याचा तारा जाहीर करायचा आणि मग लोकांनी फार डोकं चालवलं म्हणायचं, हे जरा जास्त झालं. पण 'लोकेश संपला' वगैरे जे लिहिलं गेलं तेही आचरटपणाचं. ज्याच्या नावावर 'कैदी' आहे तो एका चित्रपटाने संपत नाही.

आता घरी बघायचा असेल तर?

११ सप्टेंबर २०२५ पासून तो प्राइम व्हिडिओवर आहे. सुरुवातीला तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होतं, हिंदी नंतर आलं. जमलं तर तमिळच लावा, खाली अक्षरं ठेवून. हिंदीत दयालचा आवाज हरवतो आणि रजनीच्या वाक्यांतली लय तर पूर्णच. मुलं झोपल्यावर बघा, 'ए' घरातही 'ए'च असतं. आणि तरुण देवाचा भाग आला की हातातला फोन बाजूला ठेवा, तो लवकर संपतो.